विश्लेषण : उपग्रहाचा संकेत थेट खेड्याच्या छतावर... विक्रम साराभाईंनी हा आग्रह का धरला?

ऊस आणि दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कागल तालुक्यातील बिद्री गावावरून दररोज अनेक उपग्रह जातात. त्यातले काही खास हौशी रेडिओचालकांसाठी, म्हणजे हॅमसाठी, सोडलेले असतात. गच्चीवर उभे राहून, घरी बनवलेल्या अँटेनाने त्यांचे संकेत पकडता येतात. कधी कधी तर अवकाशातून आलेले अख्खे चित्र मोबाइलच्या पडद्यावर उतरते. त्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. बिद्रीच्या आणि मुंबईच्या गच्चीवर हा संकेत सारखाच पोहोचतो.

आज हा छंद मानला जातो. मात्र उपग्रहाचा संकेत शहरातून झिरपत खेड्यापर्यंत जाण्याऐवजी थेट खेड्यात उतरला पाहिजे, हा विचार सुमारे साठ वर्षांपूर्वी देशाच्या धोरणाचा भाग म्हणून मांडला गेला होता. तो मांडणारे शास्त्रज्ञ होते डॉ. विक्रम साराभाई. या विचाराचा प्रयोग प्रत्यक्षात आला तेव्हा ते हयात नव्हते. हा विचार त्यांना कसा सुचला, तो कोणी तडीस नेला आणि त्यातले आज काय उरले, याचा हा आढावा.

गच्चीवर उपग्रह कसा ऐकू येतो?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे उदाहरण घेऊ. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने ते साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. एका गावाच्या आकाशात ते एका खेपेला जेमतेम दहा मिनिटे असते. स्थानकावर हौशी रेडिओचे यंत्र आहे. अधूनमधून, आधी जाहीर केलेल्या दिवसांत, त्यावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवली जातात.

चित्र येते ते आवाजाच्या रूपात. काळ्या ठिपक्यासाठी १,५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्यासाठी २,३०० हर्ट्झचा आणि मधल्या छटांसाठी मधले सूर. कानाला ही एक चढउताराची शीळ वाटते. मोबाइलमधील अ‍ॅप ती ऐकून ओळीमागून ओळ रंगवत जाते आणि साधारण दोन मिनिटांत चित्र पूर्ण होते.

या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. त्यामुळे अँटेनाचा मुख्य भाग साधारण एक मीटर लांब असला की काम भागते. अनेक हौशी मंडळी प्लास्टिकच्या पाइपवर पोलादी मापपट्टीचे तुकडे बसवून तो तयार करतात. उपग्रह जवळ येताना लहर किंचित चढी आणि दूर जाताना उतरती लागते, रेल्वेच्या शिटीसारखी. तेवढा फरक रिसीव्हरवर जुळवून घ्यावा लागतो.

हे एवढे सोपे आहे, कारण उपग्रह जवळ आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे नव्वद पट दूर असतात. दोन्हींची प्रक्षेपणशक्ती सारखी धरली, तर दूरच्या उपग्रहाचा संकेत सुमारे आठ हजार पट क्षीण होऊन पोहोचतो. हा क्षीण संकेत खेड्यातील शाळेच्या छतावर कसा पकडायचा, हा प्रश्न साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर होता.

गिरणीमालकाचा मुलगा विज्ञानाकडे कसा वळला?

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादमध्ये झाला. वडील अंबालाल कॅलिको मिलचे मालक, आई सरलादेवी. घर श्रीमंत होते, पण त्या घरातील वातावरण चारचौघांसारखे नव्हते. गांधीजींच्या अहमदाबादमधील आश्रमात दलित कुटुंबाला प्रवेश दिल्यावर देणग्या आटल्या, तेव्हा गुपचूप मदत करणारे अंबालालच होते. त्यांची बहीण अनसूया यांनी १९१८ मध्ये गिरणी कामगारांच्या संपात कामगारांची बाजू घेतली होती, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरोधात. विक्रम यांची बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली.

आठही भावंडांसाठी आईवडिलांनी घरातच शाळा काढली. तिथे भाषा आणि गणिताबरोबर सुतारकाम, बागकाम आणि यंत्रांची जोडणीही शिकवली जाई. लहानपणी विक्रम यांनी वाफेच्या इंजिनाचे चालते मॉडेल केले होते. हाताने करून पाहिल्याशिवाय गोष्ट कळत नाही, हा संस्कार तिथला. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी मुलांसाठी अहमदाबादेत सामुदायिक विज्ञान केंद्र उभारले, त्यामागेही हाच विचार होता.

गुजरात कॉलेजनंतर ते केंब्रिजला गेले. त्यांच्या प्रवेशासाठी शिफारस करणाऱ्यांत रवींद्रनाथ टागोर होते. १९४० मध्ये पदवी मिळाली, पण दुसरे महायुद्ध सुरू असल्याने मायदेशी परतावे लागले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वैश्विक किरणांचा अभ्यास सुरू केला. त्याच काळात होमी भाभाही तिथे होते. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्ध संपल्यावर साराभाई पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये पीएचडी मिळवून परतले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची स्थापना झाली. सुरुवात एका महाविद्यालयाच्या मोजक्या खोल्यांत झाली. पहिले संचालक म्हणून आले के. आर. रामनाथन, ज्यांची कारकीर्द हवामान खात्यात घडली होती. साराभाई तेव्हा २८ वर्षांचे होते. पुढच्या काही वर्षांत त्यांनी वस्त्रोद्योग संशोधनाची संस्था उभारली, बडोद्यातील औषध कारखान्याचा कारभार पाहिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. संशोधक आणि व्यवस्थापक ही दोन्ही कामे एकाच माणसात असणे, हे पुढे अवकाश कार्यक्रमाच्या पथ्यावर पडले.

उपग्रहाशी पहिली गाठ कशी पडली?

वैश्विक किरण अवकाशातून येतात आणि वातावरणात शिरताना बदलतात. त्यामुळे त्यांचा अभ्यास करणाऱ्याची नजर आपोआप वर जाते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याचा ठरावीक लयीतला आवाज २०.००५ मेगाहर्ट्झवर सुमारे तीन आठवडे येत राहिला आणि जगभरातील हौशी रेडिओचालकांनी तो घरबसल्या ऐकला. प्रयोगशाळा नसलेला माणूसही अवकाशातील यंत्राचा आवाज ऐकू शकतो, हे त्या दिवसांत पहिल्यांदा सिद्ध झाले.

हौशी मंडळी त्यावर थांबली नाहीत. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील हॅमनी स्वतः बनवलेला ऑस्कर-१ हा उपग्रह अवकाशात गेला. वजन साडेचार किलो. दुसऱ्या एका उपग्रहाच्या रॉकेटवर तोल सांभाळण्यासाठी ठेवायच्या वजनाच्या जागी त्याला बसवले होते. तो मोर्स लिपीत एकच छोटा शब्द पाठवत राहिला, ‘हाय’. उपग्रहाच्या आतील तापमानानुसार या शब्दाचा वेग बदलत असे. त्यामुळे केवळ ऐकून आणि मोजून जमिनीवरचा माणूस उपग्रहाचे तापमान सांगू शकत होता. २८ देशांतील पाचशेहून अधिक हौशी श्रोत्यांनी आपल्या नोंदी पाठवल्या.

१९६१ मध्येच भारत सरकारने अवकाश विज्ञानाच्या संशोधनासाठी अहमदाबादच्या प्रयोगशाळेची निवड केली. उपग्रहांचे संकेत घेणारे केंद्रही तिथे उभे राहिले. या कामात साराभाईंच्या उजव्या हातासारखे होते एकनाथ चिटणीस.

कोल्हापूरच्या चिटणीसांचा वाटा काय?

एकनाथ वसंत चिटणीस यांचा जन्म जुलै १९२५ मध्ये कोल्हापुरात झाला. अहमदाबादच्या प्रयोगशाळेत साराभाईंचे सहकारी म्हणून त्यांनी वैश्विक किरणांवर काम केले. पुढे ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संशोधनासाठी गेले आणि १९६१ मध्ये साराभाईंच्या बोलावण्यावरून परत आले. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. साराभाई तिचे अध्यक्ष होते आणि चिटणीस सदस्य-सचिव.

पहिले काम होते रॉकेट सोडण्यासाठी जागा शोधण्याचे. फुगे सुमारे ४० किलोमीटरपर्यंत जातात आणि उपग्रह २०० किलोमीटरच्या वर फिरतात. मधल्या पट्ट्यात मोजमाप करायचे तर रॉकेटच हवे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे ११० किलोमीटर उंचीवर, विजेचा एक प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी त्या रेषेच्या जवळची जागा आवश्यक होती. केरळच्या किनाऱ्यावर फिरून पाहणी झाली आणि तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले. या पाहणीत चिटणीस आघाडीवर होते. तेथील बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या सहकार्याने चर्चची इमारत मिळाली आणि तीच पहिली कार्यशाळा झाली.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून अमेरिकेचे नायके-अपाचे रॉकेट सोडले गेले. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा दूरवर दिसला. त्या पहिल्या तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते, तसेच ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि आर. अरवमुदन होते. १९६७ मध्ये ब्रिटनमधील नोकरी सोडून आलेले पुण्याचे वसंत गोवारीकर घन इंधनाच्या कामाला लागले.

आधी शहर की आधी खेडे?

अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशाला अवकाश कशासाठी हवे, हा प्रश्न त्या काळी संसदेत आणि वर्तमानपत्रांत विचारला जाई. साराभाईंचे उत्तर सरळ होते. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत भारताने उतरू नये. पण शिक्षण, शेती, हवामान आणि दळणवळण यांचे प्रश्न सोडवण्यासाठी अत्याधुनिक तंत्र वापरायला मागेही राहू नये. गरीब देशाने श्रीमंत देशांच्या पायऱ्या एकेक करून चढण्याची गरज नाही. मधल्या पायऱ्या गाळता येतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

दूरचित्रवाणीचे उदाहरण घेतले की हा मुद्दा स्पष्ट होतो. जमिनीवरचे प्रक्षेपण उंच मनोऱ्यावरून होते आणि त्याचा टप्पा काही दशक किलोमीटरचा असतो. मनोरा महाग असल्याने तो आधी महानगरात उभा राहणार, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग कधी तरी तालुक्याला. या क्रमाने देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपर्यंत पोहोचायला अनेक दशके लागली असती आणि डोंगरकपारीतील वाड्या-वस्त्या शेवटपर्यंत वंचित राहिल्या असत्या. स्थिर कक्षेतील एकच उपग्रह मात्र पूर्ण देशावर एकाच वेळी संकेत टाकतो. त्याला मुंबई आणि एखादी वाडी यांत फरक करता येत नाही.

साराभाईंनी हा मुद्दा भाषणापुरता ठेवला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९६७ मध्ये अहमदाबादमध्ये उपग्रह दळणवळणाचे प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले. हातात उपग्रह नसताना भूकेंद्र उभारण्यामागे हिशेब होता. तंत्र येईल तेव्हा ते चालवणारी माणसे तयार हवीत. त्याच वर्षी २६ जानेवारीला दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत शेतकऱ्यांसाठी कृषीदर्शन हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम पाहतात का, त्यातून काही घेतात का, याची ती चाचपणी होती.

पुढे भारत आणि नासा यांच्या तज्ज्ञांनी मिळून वेगवेगळ्या पद्धतींच्या खर्चाचा अभ्यास केला. देशभर मनोरे उभारण्यापेक्षा उपग्रह स्वस्त पडेल, असे त्यातून दिसले. १८ सप्टेंबर १९६९ रोजी करार झाला. नासाचा एक उपग्रह वर्षभर भारतावर कार्यक्रम प्रक्षेपित करणार होता. कार्यक्रम आणि जमिनीवरची सगळी यंत्रणा भारताची. त्याच्या महिनाभर आधी, १५ ऑगस्टला, इस्रोची स्थापना झाली होती.

नारायणगावजवळच्या आर्वीचा संबंध काय?

जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात होमी भाभांचा मृत्यू झाला आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. आता मुंबईतील आयोग, अहमदाबादची प्रयोगशाळा आणि थुंबा अशी तीन टोके त्यांना सांभाळावी लागत होती. सततचा प्रवास आणि अपुरी झोप हा नित्यक्रम झाला.

याच काळात परदेशी दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीसाठी मोठे भूकेंद्र उभारण्याचा निर्णय झाला. जागा ठरली पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळील आर्वी. असे केंद्र परदेशी कंपनीकडून तयार घेणे सोपे होते. साराभाईंनी ते भारतीय अभियंत्यांनी उभारावे, असा आग्रह धरला. अहमदाबादच्या प्रायोगिक केंद्रातील अनुभव इथे उपयोगी पडला. सुमारे ३० मीटर व्यासाची छत्री असलेले हे केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, तेव्हा साराभाई हयात नव्हते. केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंबाच्या कामानिमित्त केरळमध्ये असताना, कोवळम येथील मुक्कामी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट अजून सव्वातीन वर्षे दूर होता आणि खेड्यांसाठीचा प्रयोग फक्त कागदावर होता.

कोंबडीच्या जाळीची छत्री कशी चालली?

या प्रयोगाला नाव मिळाले साइट. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक यश पाल आणि प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस यांनी तो तडीस नेला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडला गेला आणि पुढच्या वर्षी तो सरकवून भारताला दिसेल अशा जागी आणला गेला. त्यावर नऊ मीटरहून मोठी, अवकाशात उलगडणारी छत्री होती. वरची छत्री मोठी, म्हणून खालची लहान चालणार होती.

तरीही ३६ हजार किलोमीटरवरून येणारा संकेत पकडण्यासाठी गावात तीन मीटर व्यासाची छत्री हवी होती. धातूच्या पत्र्याची छत्री महाग आणि जड पडली असती. वाऱ्यातही टिकली नसती. अहमदाबादच्या अभियंत्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी वापरली. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. जाळीची भोके त्याहून कितीतरी लहान असली, की लहरीच्या दृष्टीने ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते. वारा मात्र आरपार जातो. फाटली तर गावातला कारागीरही ती सांधू शकेल, अशी ही वस्तू होती.

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रक्षेपण सुरू झाले. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती आणि ती मुद्दाम मागास भागांतली होती. सकाळी दीड तास शाळांसाठी, संध्याकाळी अडीच तास सर्वांसाठी कार्यक्रम असत. एकाच चित्रासोबत दोन भाषांतील आवाज पाठवण्याची सोय होती. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. जिथे वीज नव्हती, तिथे बॅटरीवर संच चालवले गेले.

यादीत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. त्या वेळी महाराष्ट्रात दूरदर्शनचे प्रक्षेपण मुंबई आणि पुणे परिसरापुरते होते. म्हणजे कोल्हापूर शहराच्या आधी विजापूरच्या दुष्काळी खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली होती. आधी खेडे, मग शहर, हा साराभाईंचा उलटा क्रम वर्षभर का होईना प्रत्यक्षात आला.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. उपग्रह परत नेला गेला आणि बहुतेक गावांतील पडदे पुन्हा काळे झाले.

साराभाईंचे स्वप्न कितपत पूर्ण झाले?

या प्रयोगाच्या अभ्यासातून निघालेले निष्कर्ष संमिश्र होते. निरक्षर माणसापर्यंत माहिती पोहोचवण्याची ताकद या माध्यमात आहे, हे दिसले. पण माहिती मिळाली म्हणजे गावाचे जगणे बदलते असे नाही, हेही दिसले. खतांची माहिती पडद्यावर मिळाली तरी खत दुकानात असावे लागते आणि घ्यायला पैसे असावे लागतात. ते काम उपग्रहाचे नव्हते.

तंत्राच्या बाजूने मात्र पाया पक्का झाला. १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी नंतर हवामानाची चित्रे, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांचा विस्तार वेगाने झाला. कोल्हापूरच्या माणसाला पुराच्या दिवसांत ढगांची स्थिती मोबाइलवर दिसते, त्यामागे हीच परंपरा आहे.

पण १९८० च्या दशकात सरकारने मार्ग बदलला. गावोगावी थेट छत्री बसवण्याऐवजी शहरांत लहान मनोरे उभारले गेले. उपग्रहाचा संकेत मनोऱ्यावर उतरे आणि तिथून आसपास पसरे. म्हणजे क्रम पुन्हा शहराकडून खेड्याकडे असा झाला. कार्यक्रमांतही शेती आणि शाळा मागे पडून करमणूक आणि जाहिराती पुढे आल्या. घराच्या छपरावर थेट छत्री यायला २००० नंतरचे दशक उजाडले. तोवर ती सामुदायिक राहिली नव्हती, घरोघरची झाली होती.

आणखी एक उणीव होती. साइटमध्ये संकेत वरून खाली येत होता. गाव पाहणारे होते. उत्तर देण्याची, प्रश्न विचारण्याची वाट उपग्रहात नव्हती. यंत्र कसे चालते हे जाणणारा माणूसही बहुतेक वेळा बाहेरून येई. करून पाहिल्याशिवाय कळत नाही, या संस्कारात वाढलेल्या साराभाईंच्या कामातली ही अपुरी राहिलेली बाजू म्हणावी लागेल.

ही उणीव हौशी उपग्रह भरून काढतात का?

काही अंशी, होय. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६ रॉकेटवरून हॅमसॅट हा ४२.५ किलोचा उपग्रह सोडला. तो खास हौशी रेडिओचालकांसाठी होता. त्यावरील दोन संचांपैकी एक भारतात, तर दुसरा नेदरलँड्समधील एका विद्यार्थी-हॅमने बनवला होता. त्याच्या मार्फत सामान्य माणूस आपल्या घरातून दुसऱ्या गावातील, दुसऱ्या देशातील माणसाशी थेट बोलू शकत होता. नऊ वर्षे, २०१४ पर्यंत, तो चालला.

२२ जून २०१६ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयं’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. हौशी रेडिओच्या लहरींवर संदेश देणे-घेणे हा त्याचा उद्देश होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. हे उपग्रह लहान, पण ते बनवणारी आणि त्यांचा आवाज पकडणारी मुले वीस-बावीस वर्षांची होती. २०२५ मध्ये अवकाश स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हॅम रेडिओवरूनच भारतातील विद्यार्थ्यांशी बोलले.

या छंदाला मर्यादा आहेत. जुन्या नोआ उपग्रहांकडून साध्या यंत्रावर मिळणारी हवामानाची चित्रे २०२५ मध्ये ते उपग्रह निवृत्त झाल्यावर बंद झाली. रशियाच्या मेटिऑर मालिकेतील उपग्रह अजून चित्रे पाठवतात, पण ती अंकीय पद्धतीची असल्याने त्यांना संगणकाची जोड लागते. अवकाश स्थानकाची चित्रेही रोज येत नाहीत; कार्यक्रम जाहीर होण्याची वाट पाहावी लागते.

बिद्रीतून सुरुवात करायची तर?

पहिली पायरी आहे उपग्रहांचे वेळापत्रक. गावाचे स्थान दिले, की अवकाश स्थानक कधी, कोणत्या दिशेने आणि किती उंचावरून जाईल, हे सांगणारी मोफत अ‍ॅप उपलब्ध आहेत. स्थानक क्षितिजालगत जाते तेव्हा संकेत क्षीण असतो. डोक्यावरून जाते तेव्हा उत्तम. मोकळ्या शिवारात हे काम शहरापेक्षा सोपे जाते, कारण उंच इमारती आड येत नाहीत आणि विजेच्या उपकरणांचा खरखराटही कमी असतो.

दुसरी पायरी रिसीव्हर आणि अँटेना. यूएसबीला जोडायचा छोटा रिसीव्हर, मोबाइल किंवा लॅपटॉप आणि घरी केलेला अँटेना एवढ्यावर सुरुवात होते. यंत्र घेण्यापूर्वी त्याबाबतचे सध्याचे सरकारी नियम पाहून घ्यावेत. उपग्रहामार्फत बोलायचे असेल, म्हणजे स्वतः प्रक्षेपण करायचे असेल, तर केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावाच लागतो. त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे, त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलेही ही परीक्षा देऊ शकतात.

तिसरी पायरी नोंदवही. वेळ, दिशा, संकेत कसा होता, चित्र कुठे तुटले, हे लिहून ठेवणे. ऑस्कर-१ च्या वेळी उपग्रहाचे तापमान कळले ते अशाच नोंदींतून. शाळेतील चार-पाच मुलांनी मिळून हे केले, तर लहरी, कक्षा, वेग आणि भूगोल हे धडे एकाच संध्याकाळी समोर उभे राहतात.

साराभाईंच्या काळात खेड्यात उपग्रहाचा संकेत उतरवण्यासाठी दोन देशांचा करार, अब्जावधींचा उपग्रह आणि शेकडो अभियंते लागले. आज जाळीऐवजी मापपट्टीचे तुकडे पुरतात आणि ते जोडणारे हात गावातलेच असू शकतात. संकेत तर बिद्रीच्या गच्चीवर रोज पोहोचतोच आहे. तो पकडायला एखादी शाळा पुढे आली, तर साराभाईंच्या कामातील राहिलेला भाग गावातच पूर्ण होऊ शकतो.